झाम्बोआंगाच्या महापौर आणि शहरातली मुलं: फिलिपिन्समधलं बालसंरक्षण समजून घेताना

३० जून २०१३ रोजी मारिया इसाबेल क्लिमाको-सालाझार यांनी दक्षिण फिलिपिन्समधल्या झाम्बोआंगा शहराच्या महापौरपदाची सूत्रं हाती घेतली. शहर त्यांना 'मेयर बेंग' म्हणूनच ओळखतं. पदावर येऊन जेमतेम सव्वादोन महिने झाले होते, तोच ९ सप्टेंबरच्या पहाटे शेकडो सशस्त्र बंडखोर समुद्राच्या बाजूने शहरात घुसले. पुढचे जवळपास तीन आठवडे किनाऱ्यालगतच्या वस्त्यांमध्ये घराघरांतून लढाई चालली. सुमारे दहा हजार घरं जळाली. लाखाहून जास्त माणसं रस्त्यावर आली आणि त्यांतली हजारो कुटुंबं, कडेवरच्या पोरांसकट, शहरातल्या एका क्रीडासंकुलात राहायला गेली.

क्लिमाको मूळच्या शिक्षिका. मुलांचे हक्क, मुलांची तस्करी, मुलांचं शिक्षण हे त्यांचे राजकारणातले जिव्हाळ्याचे विषय. अशा बाईंच्या कारकिर्दीत, त्यांच्याच शहरात, मुलांवर एवढं मोठं संकट यावं आणि त्यांना ते पुरतं निभावता येऊ नये, हे समजून घेण्यासारखं आहे. त्यात व्यक्तीचा भाग किती, कायद्याचा किती, पैशाचा किती आणि नुसत्या वेळेचा किती? या लेखात तेच उलगडून पाहू. त्यासाठी आधी फिलिपिन्समधला महापौर म्हणजे नेमका कोण, हे ठाऊक असायला हवं.

आपल्याकडे महापौर म्हटलं की गळ्यातली साखळी, उद्घाटनं आणि महासभेचं अध्यक्षपद डोळ्यांसमोर येतं. महाराष्ट्रात महापौर अडीच वर्षांसाठी निवडला जातो, तोही नगरसेवकांतून. फाइलवर सही करायची, माणसं कामाला लावायची, पैसे खर्च करायचे हे अधिकार आयुक्तांकडे असतात. फिलिपिन्समध्ये महापौरच शहराचा खरा कारभारी. लोक त्याला थेट मत देतात. मुदत तीन वर्षांची आणि सलग तीनच वेळा. अर्थसंकल्प तोच मांडतो, अधिकारी तोच नेमतो, शहराच्या पोलिसांच्या रोजच्या कामावर देखरेख त्याची असते आणि आपत्ती आली की संकट समितीचा प्रमुखही तोच. १९९१ च्या स्थानिक शासन संहितेने आणखी एक मोठी गोष्ट केली. प्राथमिक आरोग्य आणि समाजकल्याण ही कामं मनिलाहून उचलून शहरांकडे आणि गावांकडे दिली. म्हणजे लस कोण टोचणार, पाळणाघर कोण चालवणार, मारहाण झालेल्या मुलीला रात्री कुठे ठेवणार, या सगळ्यांची उत्तरं महापौरांच्या कार्यालयात शोधायची असतात.

त्याच्या खालचा थर म्हणजे बारांगाय. हे आपल्या प्रभागापेक्षा लहान आणि ग्रामपंचायतीपेक्षा फारसं वेगळं नाही. शहरातसुद्धा बारांगाय असतं. झाम्बोआंगात अशी ९८ बारांगाय आहेत. प्रत्येकाचा निवडून आलेला प्रमुख, त्याचं मंडळ आणि शिवाय तरुणांचं स्वतंत्र निवडून आलेलं मंडळ. बारांगायच्या निधीतला दहा टक्के हिस्सा कायद्याने या तरुणांच्या मंडळाला मिळतो. पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी या मंडळासाठी मत देऊ शकते. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. मतदानाची पहिली सवय आपल्या गल्लीपासून लागते.

मुलांसाठीची यंत्रणा याच थरावर उभी आहे. १९७४ च्या बाल आणि युवक कल्याण संहितेने बारांगायच्या पातळीवर मुलांच्या संरक्षणासाठी परिषद असावी असं म्हटलं. १९९० च्या कायद्याने प्रत्येक बारांगायमध्ये पाळणाघर आणलं. १९९२ साली मुलांवरचे अत्याचार, शोषण आणि भेदभाव याविरुद्धचा मुख्य कायदा आला. २००३ मध्ये मानवी तस्करीविरोधी कायदा आणि २००६ मध्ये बालन्याय कायदा. बालन्याय कायद्यातलं एक कलम पैशांबद्दल आहे: केंद्राकडून शहराला जो महसुलातला वाटा मिळतो, त्याचा एक टक्का मुलांच्या संरक्षण परिषदा मजबूत करण्यासाठी राखून ठेवायचा.

कागदावर एवढं सगळं असताना काम कुठे अडतं? परिषद आहे, पण तिची बैठकच होत नाही. एक टक्का राखून ठेवला, पण तो मुलांच्या दिनाच्या खाऊवर आणि टीशर्टांवर संपला. समाजसेविका आहे, पण एका बाईकडे हजारो कुटुंबं. यावर उपाय म्हणून फिलिपिन्सच्या बालकल्याण परिषदेने शहरांकडून चार गोष्टी मागायला सुरुवात केली. त्यांना तिथे 'मुलांसाठीच्या चार भेटी' म्हणतात. मुलांसाठीचा विकास आराखडा, त्याला पैसे कुठून येणार याचा आराखडा, शहराची स्वतःची बालसंहिता, आणि दरवर्षी महापौरांनी जाहीरपणे मांडायचा मुलांच्या स्थितीचा अहवाल. या चौथ्या भेटीत खरी मेख आहे. किती मुलांना लस मिळाली, किती मुलं खुरटलेली आहेत, किती शाळा सोडून गेली, अत्याचाराच्या किती तक्रारी आल्या, हे आकडे महापौराला लोकांपुढे उभं राहून सांगावे लागतात. ज्याची मोजदाद नाही त्याची जबाबदारीही कुणावर येत नाही, हे ओळखून केलेली ही मांडणी आहे.

आता झाम्बोआंगाकडे वळू. मिंदानाओ बेटाच्या नैऋत्य टोकाला समुद्रात घुसलेलं हे शहर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ९,७७,२३४. राजधानी मनिलापेक्षा मलेशियाचं साबाह राज्य इथून कितीतरी जवळ. १६३५ मध्ये स्पॅनिशांनी बांधलेला किल्ला अजून किनाऱ्यावर उभा आहे आणि लोक चाबाकानो बोलतात, जिच्यात निम्म्याहून जास्त शब्द स्पॅनिश आहेत. देशात डबाबंद तारली खाल्ली जाते तिच्यातली बहुतेक इथल्या कारखान्यांतून येते. बहुसंख्य लोक कॅथलिक, पण किनाऱ्यालगतच्या वस्त्यांमध्ये तौसुग, याकान, सामा आणि समुद्रावरच आयुष्य काढणारे सामा-बजाऊ हे मुस्लिम आणि आदिवासी समाज राहतात. रिओ होन्दो आणि मारिकी या वस्त्या म्हणजे पाण्यात रोवलेल्या खांबांवरची लाकडी घरं, आणि एका घरातून दुसऱ्या घरात जायला फळ्यांचे अरुंद पूल. पोरं दारातून उडी मारतात ती थेट समुद्रात.

क्लिमाको घराणं या शहराला जुनंच ठाऊक आहे. बेंग यांचे काका सेझार क्लिमाको हे राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या हुकूमशाहीला उघड विरोध करणारे महापौर. लोकशाही परत येईपर्यंत केस कापणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली आणि ती पाळली. त्यामुळे त्यांच्या फोटोंत खांद्यापर्यंत रुळणारे पांढरे केस दिसतात. १४ नोव्हेंबर १९८४ रोजी शहरात लागलेल्या एका आगीच्या ठिकाणी ते गेले होते. तिथून निघताना त्यांना मागून अगदी जवळून गोळी घालण्यात आली. केस कापायचा दिवस त्यांना पाहायला मिळाला नाही.

फिलिपिन्समधलं राजकारण घराण्यांचं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. झाम्बोआंगात एकीकडे क्लिमाको तर दुसरीकडे लोब्रेगात. १९९८ ते २००४ या काळात मारिया क्लारा लोब्रेगात महापौर होत्या आणि त्यांच्या निधनानंतर त्यांचे चिरंजीव सेल्सो यांनी तीन मुदती भरल्या. बेंग क्लिमाको २००४ मध्ये उपमहापौर झाल्या, २००७ मध्ये प्रतिनिधिगृहात गेल्या आणि तिथे उपसभापतीपदापर्यंत पोहोचल्या. घराण्याचं नाव नसतं तर हा रस्ता इतका सरळ झाला असता का, याची शंका घ्यायला जागा आहे. पण मुलांचा विषय त्यांनी नुसता नावाला धरलेला नव्हता. झाम्बोआंगात राहून या विषयाकडे पाठ फिरवणं अवघडच आहे, कारण तो रोज बंदरात येऊन उतरतो.

हे बंदर समजून घेतलं पाहिजे. साबाहमध्ये पामतेलाचे मळे आहेत, बांधकामं आहेत, खानावळी आणि बार आहेत. सुलू समुद्र ओलांडला की काम मिळतं, हे फिलिपिन्सच्या दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेलं सत्य. झाम्बोआंगाहून साबाहमधल्या सान्दाकानला फेरी जायची. ती नसेल तर खोलो, तावी-तावी या बेटांमार्गे लहान बोटी असतातच. आता दूरच्या एखाद्या गावातल्या सोळा वर्षांच्या मुलीला सांगितलं जातं की मलेशियात हॉटेलात वाढपिणीचं काम आहे, प्रवासाचा खर्च आम्ही करतो, नंतर पगारातून फेडशील. तिच्या हातात वय वाढवलेला जन्मदाखला येतो. सोबत एक 'मावशी' असते, जिचं पूर्ण नावसुद्धा मुलीला धड सांगता येत नाही. झाम्बोआंगाला पोहोचेपर्यंत कर्जाचा आकडा चढलेला असतो आणि त्याच्या पलीकडे समुद्र. एकदा बोट सुटली की देशाचा कायदा संपला.

म्हणून या साखळीत तोडायची कडी म्हणजे झाम्बोआंगाचा धक्का. इथे पोलिस, तटरक्षक दल, समाजकल्याण खातं, सरकारी वकील आणि स्वयंसेवी संस्था एकत्र उभ्या राहतात. तपासणारे काय पाहतात? मुलीचं वय आणि कागदावरचं वय जुळतं का, ती कुठे चालली आहे हे तिला स्वतःला माहीत आहे का, तिकीट कुणी काढलं, एकाच बाईबरोबर चार-पाच अनोळखी मुली आहेत का. फिलिपिन्सच्या कायद्यात इथे एक ठाम रेषा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीची संमती विचारातच घेतली जात नाही. 'मी माझ्या मर्जीने चालले' असं मुलगी म्हणाली तरी शोषणासाठी तिला नेणारा सुटत नाही. २०१३ च्या सुरुवातीला, क्लिमाको प्रतिनिधिगृहात असतानाच, या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि तस्करीचा नुसता प्रयत्नही स्पष्टपणे गुन्हा ठरला. बंदरावरच्या माणसांच्या दृष्टीने हा बदल फार महत्त्वाचा होता. शोषण तर समुद्रापलीकडे होणार, त्यामुळे आधी बंदरावरच गुन्हा सिद्ध करणं अवघड जायचं. आता बोटीत चढण्याआधी अडवून खटला भरणं सोपं झालं.

बंदरावर उलट दिशेनेही लोक येतात. मलेशियातून हद्दपार केलेले फिलिपिनो जहाजाने इथेच उतरवले जातात. २००२ मध्ये तर त्यांचे लोंढेच आले होते. त्यांच्यात साबाहमध्ये जन्मलेली पोरं असतात. ती मलाय बोलतात, फिलिपिन्स त्यांनी पाहिलेलाही नसतो आणि त्यांच्याकडे ना इकडचा जन्मदाखला ना तिकडचा. दाखला नाही म्हणजे वय सिद्ध होत नाही. वय सिद्ध झालं नाही म्हणजे बालकांसाठीचे जे जे कायदे वर सांगितले, ते लागू करायला हातात काही नाही.

एवढं कळलं की सप्टेंबर २०१३ मध्ये काय घडलं त्याचं गांभीर्य ध्यानात येईल.

मोरो म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधले मुस्लिम. त्यांच्या मोरो राष्ट्रीय मुक्ती आघाडी या सशस्त्र संघटनेचे संस्थापक नूर मिसुआरी यांनी १९९६ मध्ये सरकारशी करार केला होता. पुढे सरकारची बोलणी त्यांच्यातूनच फुटून निघालेल्या दुसऱ्या गटाशी, मोरो इस्लामी मुक्ती आघाडीशी सुरू झाली. आपण बाजूला पडलो या रागातून मिसुआरींच्या गटाने ऑगस्ट २०१३ मध्ये स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे लढवय्ये झाम्बोआंगाच्या नगरसभागृहावर झेंडा लावायला निघाले. सैन्याने वाट अडवली. मग त्यांनी सान्ता कातालिना, सान्ता बार्बारा, रिओ होन्दो अशा वस्त्यांमध्ये ठाण मांडलं आणि रहिवाशांना ओलीस धरलं. ओलिसांना दोरीने एकत्र बांधून ढालीसारखं पुढे उभं केलं गेलं. विमानतळ बंद, बंदर बंद, शाळा बंद, शहरभर संचारबंदी. राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो स्वतः येऊन शहरात थांबले. २८ सप्टेंबरला सरकारने लढाई संपल्याचं जाहीर केलं. मेलेल्यांची संख्या दोनशेच्या वर होती आणि त्यांत बहुतेक बंडखोर होते.

पकडलेल्यांमध्ये अठरा वर्षांखालची मुलंही होती. बंदूक हातात घेतलेला मुलगा गुन्हेगार मानायचा की गुन्ह्याचा बळी? लढाई संपल्याच्या घोषणेनंतर पाच दिवसांनी, ३ ऑक्टोबर २०१३ रोजी, बालन्याय कायद्याची दुरुस्ती मंजूर झाली. तिने पंधरा वर्षांची मर्यादा कायम ठेवली, म्हणजे पंधरा वर्षांच्या आतल्या मुलावर फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याचबरोबर प्रत्येक प्रांताने आणि मोठ्या शहराने 'बाहाय पाग-आसा' चालवायचं बंधन घातलं. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांना तुरुंगाऐवजी इथे ठेवायचं, चोवीस तास समाजसेवक आणि समुपदेशक हजर ठेवायचे. खर्च आणि जबाबदारी पुन्हा स्थानिक प्रशासनाची. पुढे २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ही मर्यादा बारापर्यंत खाली आणणारं विधेयक मंजूर केलं, पण त्याचा कायदा झाला नाही. तो झाला नाही हे उत्तमच झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

लढाई संपली तेव्हा मुलांचे खरे हाल सुरू झाले. विस्थापितांसाठी सर्वांत मोठं ठिकाण होतं होआकिन एन्रिकेझ स्मृती क्रीडासंकुल, लोकांच्या तोंडी नुसतं 'ग्रँडस्टँड'. मैदानावर ताडपत्रीचे तंबू, प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर संसार, धावपट्टीवर चुली. जागा संपली तशी कुटुंबं जवळच्या कावा-कावा किनाऱ्याच्या रस्त्यालगत पाल ठोकून राहू लागली. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच मुसळधार पाऊस झाला, शहरात पूर आला आणि मैदानाचा चिखल झाला. हजारो लोकांना मोजकी शौचालयं आणि टँकरचं पाणी. अतिसार, न्यूमोनिया, गोवर यांसारख्या आजारांनी तिथे जे जीव गेले त्यांत लहान मुलं फार होती. आपल्याला वाटतं मुलं युद्धात बॉम्बने आणि गोळीने मरतात. झाम्बोआंगात बंदुका थंडावल्यावर, मदतीच्या छावणीत, साध्या आजारांनी मुलं गेली. गोळीबारापेक्षा छावणी अशा लेकरांना जास्त महागात पडते, हे आपत्तीचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

दुसरं संकट याहून छुपं होतं. रात्री दिवे अपुरे, न्हाणीघरांना धड दारं नाहीत, घरचा कमावता माणूस कामाच्या शोधात बाहेर. अशा ठिकाणी दलाल येतात. ग्रँडस्टँडमधल्या मुलींना फूस लावल्याच्या, पैशांसाठी त्यांचं शोषण होत असल्याच्या तक्रारी त्या काळात पुढे आल्या. ज्या बंदरावर तस्करांना अडवायचं, त्याच्यापासून हे मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. युनिसेफ आणि समाजकल्याण खात्याने छावण्यांमध्ये मुलांसाठी वेगळे मंडप उभारले. ठरावीक वेळी खेळ, चित्रं, गाणी, सोबत प्रशिक्षित ताई. पाहणाऱ्याला हा वेळ घालवण्याचा उद्योग वाटेल. प्रत्यक्षात त्या मंडपात रोज हजेरी होते. काल आलेली मुलगी आज का आली नाही, हे विचारणारं कुणीतरी असतं. हरवलेलं मूल लक्षात येण्याची ती पहिली जागा आहे.

आणि मग वेळेने घात केला. १५ ऑक्टोबरला बोहोल बेटावर मोठा भूकंप झाला. ८ नोव्हेंबरला हैयान वादळ ताक्लोबानवर धडकलं आणि सहा हजारांहून जास्त माणसं गेली. दोन महिन्यांत तीन महासंकटं. मदत संस्था, वार्ताहर, डॉक्टर, देणग्या, सगळ्यांचा ओघ तिकडे वळला. झाम्बोआंगातली मुलं तिथेच राहिली, जवळपास दोन वर्षं, ज्या तंबूंचं आयुष्य काही महिन्यांचं होतं त्या तंबूंमध्ये.

यात महापौरांची जबाबदारी किती? मला दोन्ही बाजू मांडाव्याशा वाटतात. क्लिमाको यांच्या प्रशासनाने केंद्राबरोबर पुनर्बांधणीची योजना आखली आणि कासान्यांगान, रिओ होन्दो, मारिकी या भागांत, तसंच मासेप्लासारख्या ठिकाणी तात्पुरत्या आणि कायमच्या घरांचं काम झालं. रिओ होन्दोत पुन्हा पाण्यावर खांब रोवून घरं बांधली गेली, म्हणजे सामा-बजाऊंच्या राहणीचा थोडा तरी विचार झाला. पण तो उशिरा झाला. त्याआधी किनाऱ्याचे काही पट्टे 'इथे परत येऊ नये' असे ठरवले गेले. कारणं सुरक्षेची आणि खारफुटीची होती. समुद्रात शेवाळाची शेती करणाऱ्या माणसाला जमिनीत आत, किनाऱ्यापासून दूर नेऊन ठेवलं की त्याच्या घराला छप्पर मिळतं आणि चूल विझते. मग शाळेत जाणारा मुलगा कामाला लागतो. ह्यूमन राइट्स वॉचने या समाजांची उपेक्षा होत असल्याचं म्हटलं. विस्थापितांच्या हक्कांसाठीचे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक चालोका बेयानी २०१५ मध्ये येऊन गेले आणि त्यांनीही झाम्बोआंगातल्या विस्थापितांच्या स्थितीबद्दल चिंता व्यक्त केली.

मुलांच्या बाजूने मनापासून बोलणाऱ्या महापौराकडूनही हे घडलं, याचं कारण मला यंत्रणेच्या रचनेत दिसतं. घरं बांधण्याचं काम राष्ट्रीय गृहनिर्माण खात्याकडे, जमिनीचा वाद दुसऱ्या खात्याकडे, सुरक्षेचा शब्द सैन्याचा, मदतीचे पैसे मनिलाहून. महापौराच्या हातात शहर पूर्ण असतं ते शांततेच्या काळात. संकट जितकं मोठं तितके त्याचे अधिकार वाटले जातात, आणि जाब मात्र त्यालाच विचारला जातो. तरीही एक गोष्ट महापौराच्या हातात शेवटपर्यंत होती: छावणीतल्या मुलांचा प्रश्न घरांच्या प्रश्नाच्या आधी सोडवायचा. शौचालयं, पाणी, दिवे, दवाखाना यांना घराच्या आराखड्याची वाट पाहावी लागत नाही. तिथे शहर कमी पडलं, असं मला वाटतं.

या सगळ्यातून देशाने काय धडा घेतला ते कायद्यांत दिसतं. मे २०१६ मध्ये आपत्तीतल्या मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यामागे मुख्य धक्का हैयानचा होता, पण त्यातली कलमं वाचताना ग्रँडस्टँड आठवल्याशिवाय राहत नाही. आपत्ती आली की समाजकल्याण खात्याने मुलांसाठीचा ठरलेला आराखडा ताबडतोब लागू करायचा. मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांच्यासाठी निवाऱ्यात वेगळी सोय. ताटातूट झालेल्या मुलांचा माग काढण्याची पद्धत. आपत्तीनंतर एकट्या मुलांना कुणी प्रदेशाबाहेर घेऊन जात असेल तर कडक तपासणी. वाहून गेलेले, जळालेले जन्मदाखले परत मिळवून देणं. शाळा निवाऱ्यासाठी वापरल्या तर शक्य तितक्या लवकर मोकळ्या करणं, आणि पंधरा दिवसांच्या पुढे लोक तिथेच असतील तर स्थानिक प्रशासनाने त्याचा हिशेब शिक्षण खात्याला देणं.

जानेवारी २०१९ मध्ये सशस्त्र संघर्षातल्या मुलांसाठीचा कायदा आला. त्याने वरचा प्रश्न सोडवून टाकला: लढणाऱ्या गटात ओढलेलं मूल हे बळीच आहे. त्याला भरती करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. शाळांवर, दवाखान्यांवर हल्ला हा वेगळा गुन्हा. त्याआधी, २००९ मध्ये, मोरो इस्लामी मुक्ती आघाडीने संयुक्त राष्ट्रांशी करार करून आपल्या फळीतून मुलं सोडायचं कबूल केलं होतं आणि २०१७ मध्ये तो करार पुरा झाला. बंडखोर संघटनाही असा शब्द पाळू शकते, हे यातलं आशादायक.

शहरांच्या नियमांबद्दल एक गोष्ट जाता जाता. मुलांचं भलं करायचं म्हणून अनेक फिलिपिनो शहरांनी रात्री अल्पवयीनांना बाहेर फिरायला बंदी घातली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनिला आणि नावोतास या शहरांचे असे नियम रद्द केले आणि क्वेझोन सिटीचा राखला, कारण त्यात कामासाठी, शिक्षणासाठी, प्रार्थनेसाठी बाहेर पडणाऱ्या मुलांना पुरेशी सूट होती. संरक्षण म्हणता म्हणता मुलालाच आरोपी बनवू नका, हा त्यातला इशारा प्रत्येक महापौराने वाचण्यासारखा आहे.

क्लिमाको २०१६ आणि २०१९ मध्ये पुन्हा निवडून आल्या. शेवटच्या मुदतीतली दोन वर्षं कोरोनात गेली. सीमा बंद असतानाही साबाहहून हद्दपार झालेल्यांची जहाजं येतच होती, आणि त्यांना उतरवून घेणं, विलगीकरणात ठेवणं हे या शहराच्याच वाट्याला आलं. याच काळात, २०२१ च्या सुमारास, संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, युनिसेफ आणि सरकार यांनी मिळून झाम्बोआंगात आणि तावी-तावीत सामा-बजाऊंच्या जन्मनोंदणीचा प्रायोगिक उपक्रम सुरू केला. नोंदणी करणारे लोक वस्तीत जायचे, कारण फळ्यांच्या पुलावरून चालत नगरसभागृहाच्या खिडकीपर्यंत या कुटुंबांनी येणं वर्षानुवर्षं घडलेलं नव्हतं. पैसे नाहीत, भाषा वेगळी, कागदावर लिहायला आडनाव नाही, जन्मतारीख कुणाला नक्की आठवत नाही. मग साक्षीदार गोळा करायचे, सुईणीला विचारायचं, त्या वर्षी वादळ आलं होतं का, लढाई झाली होती का, यावरून वर्ष ठरवायचं. मार्च २०२२ मध्ये फिलिपिन्सने राज्यविहीनता, म्हणजे कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसणं, कमी करण्याच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात प्रवेश केला. त्याच महिन्यात देशात संमतीवय बारावरून सोळावर नेणारा कायदाही झाला. तोवर ते जगातल्या सर्वांत खालच्या संमतीवयांपैकी एक होतं.

३० जून २०२२ रोजी क्लिमाको यांची तिसरी आणि कायद्याने शेवटची मुदत संपली आणि महापौरपद जॉन दालिपे यांच्याकडे गेलं. बंदरावरची तपासणी, बारांगायच्या परिषदा, एक टक्क्याचा हिशेब आणि सामा-बजाऊ वस्त्यांतली अजून नोंद न झालेली मुलं, हे सगळं त्यांच्याकडे आलं.